फाटकासमोर उभे राहण्याचा गुन्हा

कल्याणच्या त्या संपातली एक अटक मी अजून विसरू शकलेलो नाही, कारण चूक माझी होती.

पन्नास सालानंतरचे दिवस. मी नवा फौजदार. खाडीकाठच्या खिळ्यांच्या कारखान्यात संप चालू होता. संपकरी रोज फाटकासमोर उभे राहत आणि कामावर जाणाऱ्यांना परत फिरायची विनंती करत. मालकाने दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला.

एका सकाळी व्यवस्थापक पोलीस ठाण्यात आला. "संपवाल्यांनी फाटकाबाहेर लॉरीची काच फोडली. कोर्टाने फाटकावर उभं राहायला बंदी केलीय, तरी हटत नाहीत."

हुकूम इंग्रजीत, चार पानी. मी पहिले पान चाळले, शिक्का पाहिला. लॉरी फाटकाबाहेर आणून ठेवली होती. तिचा घाईने पंचनामा केला आणि युनियनच्या सेक्रेटरीला, एका वयस्कर फिटरला, सर्वांदेखत बेड्या घालून नेले.

दुपारी फाटकाशी मासळी विकणारी कोळीण ठाण्यात आली. "सायब, लॉरी आतच फुटली. आवाज आतून आला. मी थयंच बसलेली."

मी पुन्हा गेलो. रस्त्यावर काचेचा कण नव्हता. आत, गोदामापाशी खच पडला होता. लॉरीच्या ड्रायव्हरला समोर बसवले.

"काच रस्त्यावर फुटली, तर तुकडे गोदामाशी कसे?"

"व्यवस्थापकसाहेबांनी सांगितलं म्हणून मी पान्याने फोडली. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती."

मग मी चारही पाने वाचली. वाट अडवायला आणि धमकी द्यायला मनाई होती. शांतपणे उभे राहून समजावण्यास हा हुकूम लागू नाही, असे तिसऱ्या पानावर स्पष्ट लिहिले होते.

संध्याकाळी फिटरला सोडले. मॅजिस्ट्रेटकडे खरा अहवाल पाठवला. व्यवस्थापकावर पुढे खोट्या फिर्यादीचा खटला झाला.

"म्हणजे उद्या आम्ही उभं राहू शकतो?" फिटरने विचारले.

"राहा. फक्त वाट सोडून."

"कोणाला घेऊन राहू, साहेब? मला बेड्यांत बघून निम्मी माणसं कामावर गेली."

दुसऱ्या दिवशी तो सातआठ जणांसह उभा राहिला. मी स्वतः बंदोबस्ताला होतो. आठवड्याभरात संप मोडला. बाकीचे कामावर परतले, फिटरला मात्र परत घेतले नाही.

न्यायाधीशाने मनाईला हद्द घालून दिली होती. मी व्यवस्थापकाच्या तोंडून हुकूम ऐकला आणि ती हद्द पुसून टाकली. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक फौजदाराला मी कोर्टाचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायला लावला. त्या फिटरला त्याचा काहीच उपयोग झाला नाही.