भैयालालनं लपवलेला खटका

खुर्सीपार वस्तीतल्या भैयालालनं पस्तीस वर्षं पोलादाच्या प्लांटात फिटरकी केली आणि रिटायर झाल्यावर गटाराचं झाकण उचलायचा चिमटा शोधून काढला. वजन आलं की त्यातला दातेरी खटका आपोआप आवळायचा, झाकण सुटून कुणाच्या पायावर पडायचं नाही. गल्लीनं त्याला 'नालीचे सायंटिस्ट' करून टाकलं. बायको मनकर्णा म्हणे, "घरचा नळ सालभर टपकून राहिला, अन् हा चालला देशाच्या नाल्या उघडाले."

हुडको कॉलनीतली स्नेहल लोकांचे पेटंटचे अर्ज भरून द्यायची. तिनं आधी चिमट्याचा कच्चा अर्ज दाखल केला होता. बारा महिन्यांत पक्का टाकला की त्यालाही कच्च्याचीच तारीख लागते. अकराव्या महिन्यात नवराबायको तिच्याकडे गेले, तर पोरगी डोकं धरून बसलेली.

"काका, रायपूरच्या एका ठेकेदारानं असाच खटक्याच्या चिमट्याचा अर्ज टाकलाय. तुमच्यानंतर पाच महिन्यांनी."

"मंग भेव कायचं? तारीख तं आपली पयली."

"जुन्या कागदात जे आहे, त्यालाच जुनी तारीख मिळते. तुम्ही लिहून दिलं त्यात खटका कुठाय?"

भैयालाल छताकडं बघू लागला. खटका त्यानं मुद्दामच लिहिला नव्हता. फिटरांची रीतच तशी: असली युक्ती सांगायची नाही, लिहायची तर नाहीच, शिकणाऱ्यानं बघून चोरावी.

"आता लिव ना, बेटा."

"लिहिते. पण मग खटक्याला आजची तारीख. ठेकेदाराच्या मागं उभे राहाल."

"लपव अजून!" मनकर्णा कडाडली. "बारशाचं नावबी लपवून ठेवलं असतं यानं!"

स्नेहलनं वैतागून कच्च्या अर्जाचे कागद पुन्हा चाळले. शेवटच्या पानावर भैयालालच्या हातचं ड्रॉइंग होतं. सांध्याच्या कोपऱ्यात तांदळाएवढं काहीतरी दिसलं. तिनं भिंग लावलं. खटका! पाचही दात, त्यांचा कल, फिरायची दिशा दाखवणारा बाण.

"काका, हा तर इथं आहे! तुम्ही लपवला होता ना?"

"लिवला नाई. पण ड्रॉइंगात कसा सोडू? त्याच्याबिगर झाकण पडते ना, बाप्पा!"

"ड्रॉइंगही अर्जाचाच भाग. याच्यावर जुनी तारीख मागता येते." स्नेहलनं पेन उचललं. "सांगा, कसा चालतो?"

भैयालाल उठला, दार लावलं, खिडकी लावली. मग बायकोकडं वळला, "तू जराशी भाईर बस."

मनकर्णा हलली नाही. "सालभर या चिमट्यानं आपली नाली कोन उघडून राहिलं? लिव वं बाई, मीच सांगते."