भरावावरचा लाल पट्टा

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एक पाझर तलाव आहे. अभिमन तिथला अठरा वर्षांपासूनचा राखणदार. माणूस महासंशयी! कोणी शेळी पाण्यावर आणली तरी हा मालकाला शंभर प्रश्न विचारणार.

मागच्या वर्षी हितेंद्र नावाच्या सर्व्हेवाल्याने ड्रोन उडवून तलावाचे शेकडो फोटो काढले आणि ते जोडून कॉम्प्युटरवर अख्खा तलाव उभा केला, खोली-उंचीसकट. यंदा पुन्हा तेच केलं, आणि जुन्या तलावावर नवा ठेवून पाहिला. तलावाच्या मातीच्या बांधावर, म्हणजे भरावाच्या टोकाला, लाल पट्टा उमटला. लाल म्हणजे तिथली उंची घटली.

"माती चोरीला गेली," पाटबंधारे खात्याचे साहेब अभिमनवर कडाडले. "आठ दिवसांत चोर सांग, नाहीतर घरी बस."

अभिमनचं टाळकंच फिरलं. माती न्यायला ट्रॅक्टर लागतो, आणि तलावाजवळ ट्रॅक्टर एकट्या कौतिकचा, म्हणजे त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. त्यात कौतिकने नुकताच अंगणात मातीचा ओटा भरून घेतला होता. झालं! विचारणं नाही, पुसणं नाही. भर चौकात त्याने भावाची गचांडी धरली.

"चोट्टा! मन्हा पोटवर ऊठना का तू?"

कौतिक मान खाली घालून निघून गेला. गेला म्हणजे चोरच, असं ठरवून अभिमनने साहेबांना त्याचं नाव कळवलं.

चौथ्या दिवशी हितेंद्र खात्री करायला आला. लॅपटॉपवर मागच्या वर्षीचे मूळ फोटो उघडले. अभिमन वाकला आणि गारच पडला. लाल पट्ट्याच्या जागी गोवऱ्यांच्या राशी! भरावावर पाणी साचत नाही म्हणून गावच्या बाया तिथे गोवऱ्या रचतात आणि वरून शेणमातीने लिंपतात. पहिली रास तर त्याच्याच बायकोची, मंजुळाबाईची. कॉम्प्युटरने त्या राशींनाच भराव धरलं होतं. वर्षभरात गोवऱ्या चुलीत गेल्या आणि कॉम्प्युटरच्या लेखी भराव खचला! अहो, यंत्राचं सोडा. रोज त्या राशी ओलांडणाऱ्या माणसाला हे सुचू नये?

हितेंद्र ओशाळला. त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला आणि अभिमनची नोकरी वाचली.

अभिमन तसाच भावाच्या दारात गेला. कौतिक ट्रॅक्टरला ग्रीस लावत होता.

"चूक व्हयनी रे कौतिक. मशीनले गोवऱ्या माती वाटन्या."

कौतिकने हात पुसले.

"मशीनले मी कोन शे, काय मालूम? तुले तं मालूम व्हतं ना, भाऊ?"

आतून भावजयीने दार लोटून घेतलं.