बठ्ठा नावे वाची ल्या

सिनेमा हा शेवटच्या नावांसाठी काढलेला असतो आणि आधीचे दोन तास ही त्याची नुसती प्रस्तावना असते, असं मनापासून मानणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. अमळनेरच्या ज्या कॉलेजात मी नव्वदीच्या सुमारास इंग्रजी शिकवायला लागलो, तिथल्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना नाना म्हणत. कॉलेजचा प्रोजेक्टर त्यांच्या ताब्यात, त्यामुळे फिल्म क्लबचे अध्यक्ष कोणीही असोत, क्लब म्हणजे नानाच. सिनेमा संपून नावं सुरू झाली की ते पडद्याशेजारी उभं राहून एकेक नाव मोठ्यानं वाचत. दिवे धरणारा, चहा देणारा, कोणालाच वगळत नसत. एकदा प्राचार्य मधेच उठले. नाना दाराशी हात जोडून उभे! "सर, बठ्ठा नावे वाची ल्या, मंग उठा." प्राचार्य सगळी नावं वाचून होईपर्यंत बसले.

या नानांनी स्वतः एक सिनेमा काढलाय, हे मला वर्षभरानं कळलं. मुंबईच्या कुठल्याशा सिनेमा-शिबिराहून येताना त्यांनी तिथला कॅमेरा आणि उरलेली फिल्म मागून आणली होती. त्यावर त्यांनी जिनिंगच्या आवारात कापसातला कचरा वेचणाऱ्या बायका टिपल्या. त्यांत त्यांची आईही होती. आठ मिनिटांचा मूकपट. फिल्मचा डबा सहा वर्षं भिंगांच्या कपाटात पडून होता, कारण नानांना वाटे, हातातल्या कॅमेऱ्यानं चित्र हलतं, लोक हसतील. मी त्यांच्या घरी चहाला गेलो की त्यांची म्हातारी आई त्या डब्यावरून माझ्यासमोरच विचारी, "आमनी लाज वाटस का रे तुले?" नाना बशीत बघत राहत.

अशात मुंबईच्या एका फिल्म सोसायटीकडून पत्र आलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकणाऱ्या काळ्या मुलामुलींनी वीसेक वर्षांपूर्वी काढलेले सिनेमे गावोगाव फिरत होते, चार रविवारांचं सिंहावलोकन म्हणून. त्या मुलांचा कॅमेरा कॉलेजचा, नट शेजारपाजारचे, चित्रीकरण सुट्टीच्या दिवशी. नाना पत्र घेऊन माझ्याकडे आले. "शिकता शिकता काढेल पिच्चरना बी सोहळा व्हस?" त्यांचा चेहरा परीक्षेत पास झाल्यासारखा दिसत होता. मी संवादांचं मराठी करून दिलं. ते त्यांना पसंत पडलं नाही. माझ्या मराठीतली माणसं बंगल्यात राहिल्यासारखी बोलतात, म्हणाले, आणि सगळं अहिराणीत फिरवलं.

रविवारी सकाळी खिडक्यांना कापसाची गोणपाटं लावून हॉलमध्ये अंधार केला जाई आणि नाना पडद्याशेजारून सगळ्या पात्रांच्या वतीनं बोलत. नानांच्या आईनं आणलेल्या जिनिंगच्या बायका पुढच्या सतरंजीवर बसत. एका सिनेमात एक आई उंबऱ्यात बसून मुलीचे केस विंचरते, पाच मिनिटं दुसरं काहीच घडत नाही. आमचे प्राध्यापक घड्याळं बघू लागले. पुढून आवाज आला, "तेल कमी लाई ऱ्हायनी ती." तिथून सगळी सतरंजी त्या केसांवर बोलू लागली, आणि मला पहिल्यांदा तो सिनेमा दिसला. शेवटची नावं जेमतेम सात. लेखक, दिग्दर्शक, कॅमेरा एकच पोरगा, स्वयंपाक त्याच्या आईचा. नानांनी ते आईचं नाव दोनदा वाचलं.

चौथ्या रविवारी पाहुण्यांचे सिनेमे संपल्यावर नाना उठू नका म्हणाले आणि कपाटातला डबा उघडला. चित्र खरंच हलत होतं. कापसातून फिरणारे हात, डोक्यावरचे पदर, उन्हात उडणारा तंतू. कोणी हसलं नाही. मग एकाएकी पडदा पांढरा झाला. नावंच नव्हती! आईच्या हातांवर कॅमेरा इतका रेंगाळला होता, की नावांपुरती फिल्म उरली नव्हती. जगाची नावं वाचणारा माणूस त्या पांढऱ्या उजेडात खाली मान घालून उभा होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हा सतरंजीवरची एक बाई स्वतःचं नाव बोलली. मग दुसरी, तिसरी. मग नानांच्या आईनं, पडद्यावर दिसलेल्या पण मागच्या साली वारलेल्या सखुबाईचं नाव घेतलं. शेवटी स्वतःचं घेतलं आणि म्हणाली, "आनि तुनं नाव कोठे शे रे पोऱ्या?"

नानांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. मधे वडिलांच्या जागी आईचं नाव लावून. आवाज इतका बारीक, की मागच्यांना ऐकू गेला नसेल. म्हातारीला गेला. तिनं तो लाजेचा प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

आता नाना नाहीत, प्रोजेक्टरही नाही. थिएटरात नावं सुरू होताच दिवे लागतात, लोक उठतात, झाडूवाले माझ्या रांगेशी येऊन थांबतात. मी त्यांना हात जोडतो. सगळी नावं वाचून होतात, मग नानांचं एक मनातल्या मनात म्हणतो, मधल्या आईच्या नावासकट, आणि उठतो.