ट्यूलिपचं कूळ

वनस्पतिशास्त्र शिकणारा मुलगा चातुर्मासात घरी आणू नये. हे मी अनुभवानं सांगतो, कारण तो मुलगा मीच होतो.

चौतीस-पस्तीस साल असेल. पुण्याच्या कॉलेजातून मी दिवाळीला नाशिकला घरी आलो, तर अंगणात तुळशीशेजारी एक कुंडी! बाबांच्या गोऱ्या साहेबानं विलायतेहून आलेला ट्यूलिपचा कंद त्यांना सांभाळायला दिला होता. पाडव्याला साहेब तो बघायला येणार होता, आणि बाबांची बढती साहेबाच्या हातात! आत्या रामकुंडावरून आणलेलं पाणी तुळशीला घालून उरलेलं कुंडीत ओतत होती.

आता मी गप्प बसावं की नाही? (पण वर्गीकरण नुकतंच पाठ केलेलं!)

"आत्या, हे कुणाच्या कुळातलं, ठाऊक आहे? कांद्याच्या! कांदा, लसूण, ट्यूलिप, सगळे एकाच कुळातले!"

आत्याच्या हातून तांब्या पडला. "चातुर्मासात कांदा? माझ्या तुळशीला खेटून?"

कुंडी थेट गल्लीत!

संध्याकाळी बाबा कचेरीतून आले. "कार्ट्या, पाडवा परवावर आलाय! तुझ्यामुळे कुंडी बाहेर गेली, आता तूच आत आण!"

मी शास्त्राचाच आधार घेतला. "आत्या, तू रोज घेतेस ती शतावरीसुद्धा त्याच कुळातली." वाटलं, विरघळेल. तिनं शतावरीची बरणी उचलली आणि कुंडीशेजारी नेऊन ठेवली. मी कोरफडीचं नाव काढणार, तेवढ्यात बाबांनी माझं तोंड दाबलं.

शेवटी मी शास्त्र सोडलं. "आत्या, चुकलो गं! पुन्हा पुस्तक पाहिलं. ट्यूलिप कमळाच्या कुळातलं!"

"लक्ष्मीच्या कमळाच्या?"

"अगदी सख्खं!"

कुंडी आत आली. तिला हळदकुंकूही लागलं.

पाडव्याला साहेब आला, हळदकुंकू पाहून हरखला. त्याला मराठी येत होतं. (तेच नडलं!) "बाई, तुमचं मन मोठं! हा कांद्याचा भाऊ, तरी तुम्ही पूजा केली!"

आत्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. साहेब गेल्यावर म्हणाली, "कुंडी साहेबाची, टाकता येत नाही. ओसरीवर ठेवा. हा भावाचा मुलगा, टाकता येत नाही. हाही ओसरीवर!"

सुट्टी संपेपर्यंत माझं ताट कुंडीशेजारी वाढलं गेलं. बाबांना बढती मिळाली. ट्यूलिपला फूल काही आलं नाही, पण त्याचं कूळ मला अजून तोंडपाठ आहे: कांदा, लसूण, ट्यूलिप आणि मी!