नाव कोणाच्या नावावर

आमचा वाळवणाचा धंदा दुष्काळात वाढला, हे सांगितलं की लोक हसतात. हर्सूलचा तलाव आटला होता, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि आम्ही दोघी जावा कुरडयांसाठी गहू भिजत घालायचो. त्या गव्हाचं पाणी रोज बदलावं लागतं. काढलेल्या पाण्यात आम्ही भांडी घासायचो. पण शहर चौफेर वाढत होतं, नव्या फ्लॅटवाल्यांना गच्ची नव्हती, आणि उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर ऊन मुबलक. मी थोरलीला जाऊबाई म्हणते, म्हणून पाकिटांवरही तेच नाव पडलं.

पुण्याकडून मागणी येऊ लागली तेव्हा वेबसाइट करायचं ठरलं. ती करून देणारा गृहस्थ घरी आला, चहा घेतला, आणि इंटरनेटवर जाऊबाई हे नाव कोणाच्या नावावर घ्यायचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, जाऊबाईंच्या. त्या म्हणाल्या, धाकटीच्या. आमचं हे मानपान काही केल्या संपेना. शेवटी तोच म्हणाला, "तूर्त माझ्या नावावर घेतो, मागनं बदलू." आम्हाला हायसं वाटलं. अक्कल गहाण पडली ती तिथंच.

पुढं त्याच नावावर तो कुठल्याशा कारखान्यातल्या कुरडया विकू लागला. नाव परत मागितलं तर फोन उचलेना. त्या कुरडयांना वास यायचा, आणि तक्रारी आमच्याकडं, कारण जुन्या पाकिटांवर नंबर आमचा होता. जाऊबाई प्रत्येकाची माफी मागायच्या आणि वर आपलं पाकीट कुरिअरनं पाठवायच्या. मी भांडले.

"नाव आपलं हाय," त्या म्हणाल्या, "मंग माफी दुसऱ्यानं कशी मागावी?"

वकिलानं धीर दिला. असल्या चोरीला कायदा आहे म्हणाला. फक्त हे नाव म्हणजे तुमच्याच मालाची ओळख, त्याचा त्यावर हक्क नाही आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलं, एवढं सिद्ध करायचं. आम्ही लवादाकडं तक्रार केली. निकाल आला तो असा: जाऊबाई हे घरोघरचं नातं आहे, त्यावर एकट्या तुमची मालकी दिसत नाही, शिवाय नाव त्यानं तुमच्या समोर, तुमच्या संमतीनं घेतलं. खोटं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. इतकं लाचार मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही गहू भिजवला नाही. जाऊबाई दिवसभर गच्चीच्या दाराशी बसून राहायच्या, जेवायला बोलावलं तरी उठायच्या नाहीत. एका दुपारी फोन वाजला, तो त्यांनी घेतला. पलीकडच्या बाईचा आवाज मला शेजारी ऐकू येत होता. जाऊबाईच बोलताय ना, असं ती विचारत होती.

"नाय," त्या म्हणाल्या, "इथं जाऊबाई कुणी राहत नाय."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, आणि मलाही त्यांना हाक मारवली नाही.