लाल रेघेच्या आतली मॅच

त्या संध्याकाळी मी कारखान्याचे जोडे पायात तसेच ठेवून घरी आलो. ज्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यात काम केलेलं नाही त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पण आमच्या शेडच्या दारात जमिनीवर एक लाल रेघ होती. रेघेच्या अलीकडे आपली चप्पल, काडीपेटी, बिडी, रेडिओ, म्हणजे एकूण बाहेरचं जग. पलीकडे कारखान्याचे बिनखिळ्यांचे कापडी जोडे. आत जाताना हे काढायचं, ते घालायचं. बाहेर येताना उलट. इतकं सोपं की विसरायला माझ्यासारखाच माणूस लागतो. बरं, नुसते जोडे आले असते तरी चाललं असतं. त्यांच्यासोबत एक मॅचही बाहेर आली.

तो उन्हाळा मला पूर्ण जागेपणी आठवत नाही. वर डोंगरांत लढाई सुरू होती आणि तिकडे विलायतेत विश्वचषक. ओव्हरटाइम रोजचाच झाला होता. पहाटे खमरियातल्या कारखान्याच्या क्वार्टरमधून सायकल काढायची तेव्हा अर्धी झोप डोळ्यांत असायची, आणि ती दिवसभर तशीच राहायची. ट्रक भरून बाहेर पडायचे, त्यांची धूळ कडुलिंबांच्या फांद्यांमध्ये अडकून राहायची, आणि त्या धुळीत उतरलेलं ऊन बघत राहिलं की वाटायचं, आपण दुसऱ्याच कोणाच्या तरी दुपारीत काम करतो आहोत.

आत रेडिओ नाही, म्हणून स्कोअर नाही. मग आम्ही मॅच स्वतःच खेळायचो. हात कामावर, तोंड मैदानावर. आधी टीम निवडायची. आमचे चार्जमन साहेब निवड समितीचे अध्यक्ष, कारण त्यांच्याशी वाद घालायची कोणाची टाप नव्हती. एक म्हातारा बुंदेली फिटर टॉस करायचा, नाणं न उडवता, नुसता वर बघून. माझ्याकडे अभ्यासू सदस्याचं पद होतं. मी आयुष्यात टाकलेला सगळ्यात वेगवान चेंडू शेजारच्यांच्या खिडकीतून गेला होता, पण वेगवान गोलंदाजीवर माझी मतं मात्र फार पक्की.

नियम एकच होता. रेघेच्या आत खेळलेली मॅच रेघेच्या आतच सोडायची. जोडे काढले की स्कोअरही काढून ठेवायचा. बाहेरचा खरा स्कोअर चप्पल घातल्यावर ऐकायचा.

घरी तेव्हा मामाजी होते, म्हणजे माझे सासरे. याच कारखान्यातून रिटायर होऊन सिहोऱ्याला राहायला गेलेले. मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते आणि मुलीच्या घरी राहायचा संकोच म्हणून पाहुण्यासारखे पलंगाच्या कडेवर बसायचे. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, टीव्हीला मनाई. त्यांचं सगळं लक्ष एकाच माणसावर लागलेलं, टीमबरोबर गेलेल्या चौथ्या फास्ट बोलरवर. तो बेंचवर बसून होता. "त्याले खेळवून राहिले की नाही?" हा सकाळचा पहिला प्रश्न आणि रात्रीचा शेवटचा.

काहून, म्हणजे का, ते मला बायकोनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. मामाजी तरुणपणी कारखान्याच्या टीमचे फास्ट बोलर. एकदा त्यांना मोठ्या टीमच्या निवड चाचणीला बोलावणं आलं, आणि त्याच आठवड्यात त्या काळची लढाई सुरू झाली. कारखान्यात सगळ्यांच्या सुट्या बंद. मामाजी शेडमध्ये राहिले, चाचणी होऊन गेली. पुन्हा बोलावणं आलं नाही. "बाबांसमोर हा विषय काढू नका," बायकोनं बजावलं होतं. मी काढला नव्हता. तेवढ्यापुरतं तरी तोंड मी सांभाळलं होतं.

तर त्या दिवशी शेडमध्ये टीम निवडताना चौथ्या फास्ट बोलरवरून वाद पेटला. विलायतेत बॉल हलतो, घ्या त्याला, असं मी म्हटलं. बॅटिंग पतली होईल, असं साहेब म्हणाले. फिटर म्हणाला, "साहब, स्पिनर को वहाँ ठंड लगती है, उसको घर भेजो." साहेबांनी बाहेर पाहिलं. उघड्या दारातून रस्त्यावर ट्रकांची रांग हलत होती, एकामागून एक. मग ते हळूच म्हणाले, "लंबी लड़ाई में बेंचवाला ही काम आता है. ले लो उसको."

आणि मग तो जो खेळला. ढगाळ हवा, ओली खेळपट्टी, चेंडू हवेत शिरताना कापड फाटल्यासारखा आवाज. आम्ही कोणी घाईनं बोलत नव्हतो. एक जण धावायला सुरुवात करून द्यायचा, दुसरा चेंडू सोडायचा, तिसरा यष्टी उडवायचा. चार विकेट. चौथ्या विकेटला फिटरनं सुद्धा क्षणभर मान वर केली. भोंगा झाला तेव्हा मी कुठे होतो, सांगता येत नाही. शेडमध्ये तर नव्हतोच.

सायकलवरही मी तिथेच होतो. दुपारी वावटळ येऊन गेली होती. आमच्या लाइनीत वीज नव्हती, क्वार्टरांच्या खिडक्यांत कंदील लागलेले. आमच्या ट्रान्झिस्टरचे सेल संपलेले होते, आणि ते बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून आणायचं बायको मला किती दिवसांपासून सांगत होती ते मी लिहीत नाही. म्हणजे घरात स्कोअर कळायला मी एवढाच मार्ग.

"जावईबापू," दार उघडताच मामाजी म्हणाले, "त्याले घेतलं?"

"घेतलं," मी म्हणालो. "चार विकेट काढल्या, मामाजी."

खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. मी पाहिल्या होत्या.

मामाजी कडेवरून सरकून पलंगावर नीट मांडी घालून बसले. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदा. आतल्या मुलीला म्हणाले, "बाई, काही गोडाचं कर." आत रवा भाजायचा वास सुटला. मला तेव्हा हळूहळू जाग येऊ लागली, थंड पाण्यात पाय घातल्यासारखी. आता सांगावं, की शिरा झाल्यावर सांगावं, याचा मी विचार करत होतो. माझा विचार कधी वेळेत संपत नाही. तेवढ्यात शेजारचे भैयाजी कानाला ट्रान्झिस्टर लावून दारात आले. भैयाजी स्पिनचे भक्त. फास्ट बोलिंग म्हणजे त्यांच्या मते नुसती मजुरी.

"या, या," मामाजी म्हणाले. "आपल्या पोरानं चार काढल्या ना?"

"कौन से चार, बाबूजी? वो तो ग्यारह में ही नहीं था," भैयाजी म्हणाले. "पानी लेके आया था बीच में. अच्छा दौड़ता है वैसे."

आतला झाऱ्याचा आवाज थांबला. मामाजींचा हात पट्टीकडे गेला आणि परत मांडीवर आला. मला वाटलं आता ते पुन्हा पलंगाच्या कडेला सरकतील.

"मग ह्या चार कोणी काढल्या?" त्यांनी मला विचारलं.

"शेडमध्ये, मामाजी. आम्ही आत खेळून राहिलो होतो. मी तसाच बाहेर आलो."

"आणि त्याले टीममध्ये घेतलं कोणी?"

"समितीनं."

"चार्जमन आडवा आला असंल."

"आले होते. मग मानले."

"काहून मानले?"

साहेब जे बोलले ते मी जसंच्या तसं सांगितलं, ट्रकांच्या रांगेसकट. भैयाजींनी ट्रान्झिस्टरचा कान पिळून आवाज बंद केला.

आत झारा पुन्हा फिरू लागला.

"आमच्या वेळेलेही शेडमध्ये टीम निवडायचे," मामाजी म्हणाले. "सुटी बंद झाली त्या दिवशी मी तिथंच होतो, सगळ्यांच्या मधात. पण 'तुले घेतलं' असं कोणी म्हटलं नाही. लाजले असतील बिचारे." मग टोपलीतलं एक लिंबू त्यांनी चाचपून उचललं आणि दोन बोटांत धरलं. "सांगा बरं. पहिली कशी गेली?"

"बोल्ड," मी म्हणालो. "रनअप लांबून, सरळ…"

"सरळ नाही. थोडा तिरपा. सरळ धावला तर खांदा खुलत नाही."

"तिरपा," मी कबूल केलं.

"वारा कुठून होता?"

मला विलायतेतला वारा काय ठाऊक. "डोंगराकडून."

"मग बरोबर. तिकडून आला की बॉल आत येतो." त्यांनी डोळे मिटले, पट्टीखालचाही मिटला असावा. लिंबू बोटांत फिरत होतं.

"सामने कौन है, बाबूजी?" भैयाजींनी खाली बसत विचारलं. "मैं अंपायर हूँ, पहले बता दूँ. नो बॉल दूँगा तो रोना नहीं."

"द्या," मामाजी म्हणाले. "पाय रेघेच्या मागेच आहे माझा."

मग कंदिलाच्या उजेडात मॅच सुरू झाली. मी सांगत होतो आणि ते दुरुस्त करत होते, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी आता काहीच सांगत नाही, नुसता ऐकतो आहे. बाहेर लाइनीतली झाडं हलली की मैदानावर सावल्या सरकल्यासारख्या वाटत. शिऱ्याची वाटी त्यांच्यासमोर निवत होती. दोन विकेट गेल्या. एकदा भैयाजींनी खरोखरच नो बॉल दिला, आणि त्यावर दोघांचं चांगलंच जुंपलं. लिंबाचा वास खोलीभर झाला होता.

मी माझी वाटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेलो. बायको चौकटीला टेकून उभी होती, बाहेरच्या दोघांकडे बघत. मी माफीसारखं काहीतरी पुटपुटलो. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं.

"ते जोडे सकाळी आठवणीनं वापस न्या," ती म्हणाली. "आणि सेल आणायची काही घाई नाही."