डावा पीळ

जिल्ह्यातल्या एका दैनिकाची पेणची बातमीदार म्हणून मी एकवीस वर्षे काम केले. त्या काळात एका शाळेतल्या कार्यक्रमाच्या बातमीत मी लिहिले होते, 'विद्यार्थ्यांनी टकळीवर सूत विणले.' चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आले. मजकूर दोन ओळींचा होता : 'सूत कातले जाते. विणले जाते ते कापड. बातमीदाराने दोन्ही कामे पाहिलेली दिसत नाहीत.' सही नव्हती. आरोप खरा होता. शुद्धिपत्र छापले आणि पुढच्या बातमीला लागले.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी मी दोन्ही कामे पाहायचे ठरवले. परसात देवकापसाची तीन झाडे होती. तोपर्यंत त्यांचा उपयोग देवापुढच्या वातींपुरता. त्या कापसापासून खांद्यावर घेता येईल असे एक उपरणे, कुठलेही यंत्र न लावता, पूर्वी करत तसे करायचे. विकायचे नव्हते, प्रदर्शनात मांडायचे नव्हते. पेणमध्ये असल्या जुन्या कामांच्या नादी लागलेले माझ्या ओळखीत आणखी एकच गृहस्थ होते, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते साठीनंतर दांडपट्टा शिकत होते.

"माझ्या पट्ट्यानं निदान लिंबू तरी कापलं जातं," ते म्हणाले. "तुमच्या सुतानं काय होतंय?"

"अजून काही नाही," मी म्हणाले.

चैत्रात बोंडे उतरवली. सरकी हाताने काढली. लहान धनुकलीने कापूस पिंजला आणि काडीवर गुंडाळून त्याचे पेळू केले, म्हणजे सूत ज्यातून ओढायचे त्या बोटभर जाडीच्या वळकट्या. पावसाळ्यात कापूस दमट होतो आणि पिंजता येत नाही, म्हणून सगळे पेळू मृगाच्या आधी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवले. टकळी चालवायला शिकवणारे कोणी सापडले नाही. एक जुनी पुस्तिका मिळाली, तिच्यात हातांची चित्रे होती. त्या चित्रांवरून शिकले. पहिल्या आठवड्यात सूत दर वीतभर लांबीला तुटत होते. आषाढ संपेपर्यंत ते तुटायचे थांबले.

विणणारा मात्र पेण तालुक्यात नव्हता. चौकशी करत रोह्यापर्यंत गेले. तिथे एका म्हाताऱ्या विणकराच्या मागच्या खोलीत त्यांच्या वडिलांचा माग होता. जमिनीत कंबरभर खड्डा, त्यात पाय सोडून बसायचे आणि पायांनी पावड्या दाबायच्या, असा. त्यांनी स्वतः पंचवीस वर्षे धाटावच्या कंपनीत शिफ्ट केली होती. माग सुट्टीच्या दिवशी चाले. शेवटचा पंचा विणून आठ वर्षे झाली होती.

"विणीन," ते म्हणाले. "पण दसऱ्याच्या आत आणा. पोराला हितं फरशी घालायची हाय. खड्डा बुजवणार."

"मग माग?"

"माग खड्ड्याशिवाय कसा चालंल? लाकडं माळ्यावर."

दसऱ्याला तेव्हा अडीच महिने होते. चार हात लांबीच्या उपरण्यासाठी त्यांनी हिशेब सांगितला : ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, पावणेदोन गुंड्या, बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, एक. हजार मीटर सुताची एक गुंडी. नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी मी तीन गुंड्या पिशवीत घालून पेणहून एसटी धरली. गडबपर्यंत उभी होते, पुढे जागा मिळाली.

विणकर काकांनी सूत उजेडात धरले, ओढून पाहिले. "मजबूत हाय," म्हणाले. मग मागासमोर बसले. नवा ताणा चढवताना फणीतून, म्हणजे धागे वेगळे ठेवणाऱ्या कंगव्यातून, प्रत्येक धागा पुन्हा ओवत नाहीत. मागच्या कापडाची टोके फणीत तशीच सोडलेली असतात. नव्या ताण्याचे एकेक टोक जुन्या टोकावर ठेवायचे आणि राख लावलेल्या चिमटीत वळून जोडायचे. अशी सहाशे चाळीस टोके होती. ताणा करण्याआधी चाचणी म्हणून काकांनी माझ्या सुताचे एक टोक जोडले, ओढले. सुटले. दुसरे जोडले. तेही सुटले. तिसऱ्याला त्यांनी राख बदलली. तरी सुटले.

त्यांनी माझ्याकडे न बघता विचारले, "बाई, जेवता कुठच्या हातानं?"

"उजव्या."

"आणि लिवता?"

"डाव्या."

"मंग बराबर. हे सूत डावरं हाय."

चूक काय होती ते त्यांनी दाखवले. माझ्या सुताचा एक तुकडा आणि जुन्या ताण्याचा एक तुकडा त्यांनी शेजारी शेजारी धरून उलगडला. जुना एका दिशेने उलगडला, माझा दुसऱ्या. पुस्तिकेतला उजवा हात मी आरशात पाहावा तसा डावा केला होता आणि टकळीला गिरकी उलटी दिली होती. सगळे सूत उलट्या पिळाचे झाले होते. त्यांची बोटे सांधा वळत होती तेव्हा जुना धागा आवळत होता आणि माझा सुटत होता.

"तुम्ही उलटं वळून बघा," मी म्हणाले.

"मंग जुना सुटंल."

"गाठी मारल्या तर?"

"सहाशे गाठी? फणीतनं एक जाणार नाय. आणि नव्यानं ओवायला माझं डोळं राहिलं नायत."

काकी दाराशी सुपात भात पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय गो बाय, शालंत मास्तरांनी हातावर पट्टी नाय मारली तुला?"

"मारली. तरी लिहिते डाव्यानंच."

"थोडी कमीच मारली म्हनायची."

काका हसले नाहीत. ते सूत पुन्हा गुंडीला गुंडाळत होते. "बाण्याला चालंल हे," म्हणाले. "आडव्या धाग्याला जोड लागत नाय तशी. ताणा मात्र उजवा पायजे. नायतर रेडिमेड सूत आणा ताण्याला, दोन दिवसांत काढून देतो."

गिरणीचे सूत आणले असते तर उपरणे झाले असते, पण ठरवलेले झाले नसते. मी नाही म्हटले. ते म्हणाले, "मंग दसरा लक्षात ठेवा. पोरगं थांबणार नाय, आणि मी त्याला थांब म्हणणार नाय. काकीचे गुडघे गेलेत, दोनदा पडलीय ती त्या खड्ड्यात."

दसऱ्याला सात आठवडे होते. डब्यात पेळू पुरेसे होते. नव्हता तो उजवा हात. त्या हाताला टकळीची गिरकी देता येईना. अंगठा पुढे जायचा तिथे मागे ओढला जाई. पहिल्या दिवशी दोन तासांत नऊ हात सूत झाले आणि त्यात फुगीर गाठी होत्या. मी डावा हात पदराने कमरेशी बांधून बसले. त्याने पेळू धरता येईना, म्हणून पाचव्या दिवशी सोडला. मग रोजचे वेळापत्रक केले : सकाळी सहा ते आठ, दुपारी तीन ते पाच. गणपतीच्या दिवसांत पेणच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते; मला बाहेर पडायचे नव्हतेच. घरी आलेल्यांना पाणी देऊन मी कातत बसे. कंडक्टर मोदक घेऊन आले आणि अर्धा तास बघत उभे राहिले. लिंबाचा विषय त्यांनी काढला नाही. जाताना म्हणाले, "मनगट सैल ठेवा. पट्ट्यालाही तेच सांगतात." त्या सूचनेचा उपयोग झाला.

घटस्थापनेला दीड गुंडी झाली. आणखी पाव गुंडी हवी होती, पण ताणा करायला, भाताच्या पेजेची खळ द्यायला, टोके जोडायला किमान पाच दिवस लागणार होते. आहे ते घेऊन गेले.

काकांनी पहिले टोक जोडले, ओढले. टिकले. त्यांनी दुसरे घेतले. सहाशे चाळीस टोकांना अडीच दिवस लागले. काकींनी पेज शिजवली आणि ती पातळ झाली म्हणून काकांनी ऐकवले. काकींनी उलट ऐकवले की आठ वर्षांत हात विसरतो, जीभ तेवढी विसरत नाही. मी रोज पेणहून पहिल्या गाडीने जात होते आणि पाचच्या गाडीने परतत होते.

अष्टमीला विणकाम सुरू झाले. धागे तुटत होते, काका ते जोडत होते. नवमीला सकाळी फरशीवाले आले. दोन हात कापड झाले होते. मुलगा दारात उभा राहिला. "बाबा, माणसं आलीत."

"दाराकडनं सुरू करा. मी हाय हितं."

"धूळ उडंल कापडावर."

मी काकींची एक जुनी साडी मागाच्या पुढे दोरीवर आडवी टांगली आणि खालचे टोक धरून बसले. गवंडी दाराकडून फरशा बसवत आत सरकत होता. पलीकडे हातोडी, अलीकडे आडवा धागा नेणारा धोटा. दुपारपर्यंत खोलीचा अर्धा भाग चकचकीत झाला.

"आजोबा, माल सुकतोय," गवंडी म्हणाला.

"सुकू दे. पाणी मार."

त्यानंतर एकदम नऊ धागे तुटले. काकांनी बोटे चोळली. त्यांनी राखेची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "तुम्ही वळा. उजव्या हातानं." मी वळले. सात टिकले, दोन पुन्हा सुटले, ते त्यांनी जोडले.

साडेचारला ताणा संपला. काकांनी कापड कापून माझ्या मांडीवर ठेवले, मुलाचा हात धरून खड्ड्यातून वर आले आणि भिंतीला टेकून बसले. काकींनी बोटे लावून मोजले : तीन हात नऊ बोटे. चार हात भरले नव्हते.

"खांद्यावर पुरंल?" काकांनी विचारले.

मी घेऊन पाहिले. एका खांद्यावर पुरत होते.

"मंग भरा रे," ते मुलाला म्हणाले, आणि त्याने विटांच्या तुकड्यांचे पहिले घमेले खड्ड्यात ओतले.